माडीवर कुणी चाललं की टर्नटेबलची (रेकॉर्ड प्लेअरची) सुई उडते, काय करावं? (दांडिया बाजार, बडोदा)

वाड्याची माडी फळ्यांची असली की पाऊल पडताच अख्खी जमीन लवते. तिचा कंप आणि टोनआर्म-कार्ट्रिजचा (सुईचा दांडा आणि त्याच्या टोकाचा सुई बसवलेला भाग) स्वतःचा कंप बहुधा जवळपासचेच असतात, साधारण ८ ते १२ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितके हेलकावे. त्यात सुई उडणारच. खाली स्पंज किंवा मऊ रबर घालू नका, टर्नटेबल आणखीनच डोलायला लागतं.

सरळ भिंतीवर घ्या. भिंत मात्र जाड विटांची, बाहेरची हवी. मधली पातळ पडदी नको. जुन्या चुन्याच्या भिंतीत सांध्यात भोक पाडलंत तर नुसता भुगा येतो, म्हणून अँकर (भिंतीत घट्ट बसणारा बोल्ट) विटेतच बसवा. दोन भक्कम लोखंडी ब्रॅकेट, त्यावर जाड लाकडी फळी, वर स्पिरिट लेव्हल ठेवून चारही बाजू तपासा. स्पीकर त्याच फळीवर नकोत.

भाड्याचं घर असेल आणि भिंतीला भोक पाडता येत नसेल, तर टर्नटेबलचं कपाट खोलीच्या मधून हलवून, तुळई भिंतीत शिरते तिथे कोपऱ्यात ठेवा. बराच फरक पडतो. नवरात्रात खाली गरब्याचे ढोल सुरू झाले की मात्र रेकॉर्डचा नादच सोडा!

तपासायचं असं: रेकॉर्ड फिरत नसताना तिच्यावर सुई टेकवा, आवाज बेताचा ठेवा, टाच आपटा. स्पीकरमधून धप्प आलं, तर अजून काम बाकी आहे.