गावच्या जुन्या गोठ्याच्या चिऱ्याच्या भिंतीला तडे गेलेत, सिमेंटने भरले तर चालेल का?

सिमेंट नका भरू, मी तेच करून बसलोय. आमचा गोठा रत्नागिरीकडचा, जांभा चिरा (कोकणातला लाल, भोकाभोकांचा दगड), आत मातीचे सांधे आणि बाहेरून चुन्याच्या दरजा (सांध्यांच्या तोंडाशी भरलेला चुना). आमच्याही भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून जिन्यासारखा वर गेलेला तडा. गवंडी बोलावला, एका दिवसात सिमेंट भरून मोकळा, दिसायला एकदम झकास आणि पावसाळा संपल्यावर बघतो तर सिमेंटची पट्टी जशीच्या तशी, पण तिच्या कडेने चिऱ्याचा भुगा पडून नवीन फट! चिरा पाणी पितो आणि परत सोडतो, सिमेंट ते सोडू देत नाही, वर चिऱ्यापेक्षा कडक, मग भिंत जरा हलली की फुटतो तो चिराच.

आधी तडा अजून वाढतोय का बघा. काचेची पातळ पट्टी तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं पक्की चिकटवायची, बाजूला पेन्सिलने तारीख, आणि एक पावसाळा जाऊ द्यायचा. काच तडकली तर भिंत हलतेय. तिरका तडा म्हणजे बहुतेक वेळा पाया एका कोपऱ्यात बसलेला असतो. आमच्याकडे मागची पन्हळ कधीच गायब झालेली, पागोळ्या बरोबर जोत्याशी, आणि तिथेच घुशीने बीळ केलेलं, पहार घातली तर हातभर आत गेली, मी नुसता बघतच राहिलो. ते दगड-मुरूम ठोकून बुजवलं, पन्हळ लावली, पाणी लांब जायला चर काढला. भिंतीला हात त्यानंतर लावला.

ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडून बघा, भिंत पोटात फुगली असेल तर भरण्यात अर्थ नाही, छपराला टेकू देऊन तेवढा भाग उतरवून परत बांधावा लागतो. नसेल तर दिवाळीनंतर काम काढा. सैल माल इंचभर खोल खरवडून काढायचा, धूळ झाडायची, पाणी मारायचं आणि १ भाग चुना ३ भाग रेती असा माल दाबून दाबून भरायचा (हातमोजे घाला, चुना कातडी खातो). जिथे चिराच दुभंगलाय तिथे तो काढून तड्यावर आडवा अख्खा चिरा बसवा. वरून आठवडाभर ओलं गोणपाट, आणि ते वाळू न देण्याचं काम घरातल्याच कुणाला तरी सांगा, गवंडी दुसऱ्या दिवशीपासून फिरकत नाही.