फायनल फँटसी ७ या व्हिडिओ गेममध्ये आपण ज्याच्या मागे धावतो तो सेफिरॉथ खरा असतो का?

तुमचा प्रश्न असा: खेळ संपवला, पण सेफिरॉथचं शरीर जर पाच वर्षं उत्तरेच्या विवरात माकोच्या (ग्रहाच्या ऊर्जेच्या) स्फटिकात अडकलेलं होतं, तर मिडगार शहरात शिन्रा कंपनीच्या अध्यक्षांना मारणारा, जहाजावर भेटणारा आणि आपली सोबतीण एरिथ हिचा जीव घेणारा तो लांब केसांचा माणूस कोण होता? आणि मग खरा खलनायक कोणाला म्हणायचं? शिवाय, रिमेक (नव्याने बनवलेली आवृत्ती) खेळावा का?

(ज्यांनी खेळ पूर्ण केलेला नाही त्यांनी इथूनच परत फिरावं. पुढे सगळं फोडलंय.)

तो जेनोव्हा होता, म्हणजे आकाशातून ग्रहावर आलेला, रूप पालटणारा एक जीव. सेफिरॉथचं रूप घेतलेलं जेनोव्हाचं शरीर. ते शरीर चालवणारी इच्छा मात्र सेफिरॉथची. म्हणजे एरिथच्या पाठीत तलवार खुपसणारे हात जेनोव्हाचे आणि हुकूम सेफिरॉथचा. खेळातली वर्तमानकाळाची गोष्ट घेतली, तर अस्सल सेफिरॉथ लढायला समोर येतो तो थेट शेवटी, विवराच्या तळाशी.

तुमच्या नजरेतून हे निसटलं यात नवल नाही. खेळ ही गोष्ट स्पष्ट सांगतो, पण दोन-तीन वाक्यांत आणि अगदी घाईच्या वेळी. विवरातल्या व्हर्लविंड मेझ या भुलभुलैयात जेनोव्हा-डेथला (जेनोव्हाच्या एका रूपाला) हरवल्यावर नायक क्लाउडला अचानक उलगडा होतो की हे सगळं जेनोव्हाच्या पेशींचं काम आहे. त्याची बालपणीची मैत्रीण टिफा विचारते, म्हणजे आपण इतके दिवस सेफिरॉथच्या मागे नव्हतोच? क्लाउड म्हणतो, नंतर समजावतो, खरा सेफिरॉथ इथेच पुढे आहे. ते ‘नंतर’ कधी येतच नाही, कारण पुढच्या काही मिनिटांत क्लाउडच्या डोक्याचा भुगा होतो आणि आपलंही लक्ष तिकडे जातं.

पण खुणा आधीपासून पेरलेल्या आहेत आणि दुसऱ्यांदा खेळताना त्या इतक्या ठळक दिसतात की आपलंच हसू येतं. शिन्राच्या इमारतीत ६७ व्या मजल्यावर शास्त्रज्ञ होजोच्या प्रयोगशाळेत एक टाकी आहे. खिडकीतून आत डोकावलं की शीर नसलेलं धड दिसतं. क्लाउड ते पाहून कोलमडतो. मग सगळे पकडले जातात, कोठडीत झोपतात, जाग येते तेव्हा दार उघडं, पहारेकरी मेलेला, आणि ती टाकी फुटलेली. तिथून रक्ताचा माग वर जातो तो ७० व्या मजल्यापर्यंत, आणि तिथे अध्यक्ष शिन्रा टेबलावर पालथे पडलेले, पाठीत सेफिरॉथची लांब तलवार. कंपनीचा अधिकारी पामर घाबरून सांगतो की मी सेफिरॉथला पाहिलं. आपण सगळे पामरवर विश्वास ठेवतो. पण जरा माग काढून बघा: सेफिरॉथ बाहेरून आत आल्याची एकही खूण नाही. टाकीतून काहीतरी बाहेर पडलं आणि वर गेलं, एवढंच खेळ दाखवतो. बाकीचं आपण स्वतःच जोडतो.

माझ्या मते याहून मोठी खूण जहाजावर आहे. जुनॉन बंदरातून निघालेल्या मालवाहू जहाजाच्या इंजिन रूममध्ये सेफिरॉथ जमिनीतून वर येतो. क्लाउड ओरडतो, तू जिवंत आहेस! आणि सेफिरॉथ विचारतो, तू कोण? पहिल्यांदा खेळताना हा उद्धटपणा वाटतो. बड्या योद्ध्याला एक फुटकळ माणूस कशाला आठवेल, असं म्हणून आपण पुढे जातो. प्रत्यक्षात समोर उभं असलेलं शरीर क्लाउडला कधी भेटलेलंच नाही. मग तो उडून निघून जातो आणि मागे एक मांसाचा लोळागोळा टाकतो. लढाई सुरू होते, शत्रूचं नाव दिसतं जेनोव्हा-बर्थ, आणि संपल्यावर क्लाउड स्वतः म्हणतो की हा जेनोव्हाचा हात आहे. दर वेळी हाच क्रम: सेफिरॉथ दिसतो, गायब होतो, लढाई जेनोव्हाशी होते. बर्थ, लाइफ, डेथ. नाव पडद्यावर लिहिलेलं असतं हो! तरी आपल्याला वाटतं की सेफिरॉथ आपला राक्षस सोडून पळाला.

यात १९९७ च्या प्लेस्टेशनचाही वाटा आहे. नकाशावर फिरणाऱ्या त्या ठोकळ्यांच्या बाहुल्यांमध्ये एका चेहऱ्याचा दुसरा चेहरा होताना दाखवणं अवघडच होतं. त्यामुळे रूपांतराचा क्षण जवळपास कुठेच नाही, फक्त आधीचं आणि नंतरचं दिसतं. मला ही मर्यादा फायद्याचीच वाटते. आजच्या खेळांत त्वचा वितळते, हाडं कडकड मोडतात, आणि आपण लगेच ओळखतो की हा बहुरूपी आहे. बाल्डर्स गेट ३ या खेळातली ऑरिन बघा. तिला रूप पालटण्यात मजाच तेव्हा येते जेव्हा तुम्हाला कळतं की ती पालटली. तुमच्याच छावणीतल्या सोबत्याचं सोंग घेऊन ती तुमच्याशी बोलते आणि मग खदखदून हसत सोंग टाकते. तो प्रकारही झकास आहे, पण तिथे भीती आहे ती अमुक माणूस खरा की खोटा याची. जेनोव्हाच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. आपल्याला सेफिरॉथ हवा असतो, म्हणून सेफिरॉथ दिसतो.

जेनोव्हाची शक्ती नेमकी अशीच चालते. आयसिकल इन या गावातल्या घरात जुन्या चित्रफिती आहेत, त्या तुम्ही पाहिल्या नसतील तर जरूर पाहा, कारण त्या सक्तीच्या नाहीत आणि बरेच जण तशाच सोडून जातात. प्राध्यापक गास्ट चित्रण करतोय आणि एरिथची आई इफाल्ना बोलतेय. सुमारे २००० वर्षांपूर्वी आकाशातून काहीतरी पडलं आणि ग्रहाला उत्तरेत जखम झाली. सेट्रा, म्हणजे ग्रहावरचे प्राचीन लोक, तिथे जमले तेव्हा ती वस्तू त्यांच्याकडे आली ती त्यांच्या मेलेल्या आयांची, मेलेल्या भावांची रूपं घेऊन. जवळ आली, मैत्री केली, आणि विषाणू दिला. माणसं वेडी झाली, राक्षस झाली. उरलेल्या मूठभरांनी तिला कसंबसं कोंडून टाकलं. यात कपट कुठे आहे बघा: ती अनोळखी रूप घेऊन लपत नाही. समोरच्याच्या मनात जो चेहरा रुतून बसलाय तोच घेऊन येते. पुढे गास्टलाच ती प्राचीन थरात सापडली आणि त्याने तिलाच सेट्रा समजून प्रकल्प सुरू केला. म्हणजे मेल्यासारखी पडून असतानाही तिचं सोंग चाललंच होतं.

आता दुसरा भाग, खरा खलनायक कोण. यावरून चाहत्यांत वर्षानुवर्षं जुंपलेली आहे. एक बाजू म्हणते, जेनोव्हाने सेफिरॉथला जन्माआधीपासून भारून टाकलं, तो तिला आई समजतो, आणि ती जे दर ग्रहावर करायची तेच तो करायला निघालाय. म्हणजे बाहुली तो. मला हे पटत नाही, आणि माझा पुरावा होजो आहे. माणूस कितीही नीच असला तरी त्याने आपला अंदाज चुकल्याचं स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय. त्याचा सिद्धांत असा होता की जेनोव्हाचे तुकडे केले तरी पेशी पुन्हा एकत्र येतील, आणि मूळ शरीर मिडगारमध्ये आहे म्हणून सगळे काळे झगेवाले (ज्यांच्यात त्याने जेनोव्हाच्या पेशी घातल्या होत्या ती माणसं) मिडगारला जमतील. झालं उलटंच. झगेवाले मिडगारपासून दूर जायला लागले, आणि टाकीतली जेनोव्हासुद्धा उठून चालू लागली. सगळे निघाले उत्तरेकडे, जिथे सेफिरॉथ पडला होता. हाक जेनोव्हाची असती तर ती स्वतः कशाला गेली असती? जी बोलावते ती जागची हलत नाही. लाइफस्ट्रीममध्ये, म्हणजे ग्रहातल्या प्राणांच्या प्रवाहात, पडूनही सेफिरॉथचं मन विरघळलं नाही, उलट त्याने तिच्याच पेशींना दावणीला बांधलं. बीज तिचं, मालक तो, असं माझं मत. एरिथच्या मृत्यूनंतर जेनोव्हा-लाइफला हरवल्यावर ती क्लाउडला म्हणते की तू बाहुलं आहेस. दुसऱ्याच्या इच्छेने चालणारं शरीर हे बोलतंय, हे लक्षात आलं की त्या वाक्याचा रंगच बदलतो.

पण खरं सांगायचं तर या वादापेक्षा मला तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते आणि तुमच्या प्रश्नात ती राहून गेलीय. या खेळात रूप पालटणारे दोन आहेत. दुसरा क्लाउड.

विवरातल्या त्या भ्रमात सेफिरॉथ त्याला समजावतो की रूप, आवाज आणि शब्द बदलणं ही जेनोव्हाची शक्ती आहे, आणि तुझ्यातल्या त्या शक्तीने टिफाच्या आठवणी वाचून तुला घडवलं. शेवटचा भाग धादांत खोटा आहे, क्लाउड खरा माणूस आहे. पण पहिला भाग खोटा नाही. होजोने त्याच्यात जेनोव्हाच्या पेशी घातल्या होत्या. माकोच्या विषबाधेने भ्रमिष्ट झालेला हा साधा शिपाई मिडगारमध्ये टिफाला भेटतो तेव्हा त्याच्या उभं राहण्यात, बोलण्यात, तलवारीत त्याचा मेलेला मित्र झॅक उतरलेला असतो. तो सोंग घेतोय हे त्यालाच माहीत नाही. आणि गंमत म्हणजे ते सोंग चालवत असतो आपण, हातात कंट्रोलर घेऊन.

काल्म गावात क्लाउड सगळ्यांना सांगतो ती पाच वर्षांपूर्वीच्या निबेलहाइमची लांबलचक आठवण या दृष्टीने पुन्हा खेळा. क्लाउड लेव्हल १, सेफिरॉथ लेव्हल ५०, वाटेतला ड्रॅगन एका फटक्यात क्लाउडला आडवा करतो आणि सेफिरॉथ त्याला सहज लोळवतो. आपल्याला वाटतं, सेफिरॉथ किती ताकदवान होता हे दाखवण्यासाठी हे केलंय. ते आहेच. पण क्लाउड स्वतःला शिन्राच्या ‘सोल्जर’ या खास दलातला बडा योद्धा म्हणवतो आणि आकडे मात्र सांगतात की हा नवखा आहे. तोंडाने कथा खोटी, आकड्यांनी खरी. सुरुवातीच्या ट्रकमध्ये गाडी लागून बसलेला एक शिपाई आहे, त्याच्याशी आपण चार शब्द बोलतो आणि विसरतो; तोच खरा क्लाउड. निबेलहाइम गावाहून डोंगरावर निघण्याआधी तिघांचा फोटो काढला जातो. विवरात तोच फोटो समोर येतो तेव्हा क्लाउडच्या जागी काळ्या केसांचा दुसराच माणूस, झॅक, उभा असतो. आणि ही सगळी हकिगत चालू असताना टिफा जवळपास गप्प आहे. तिला माहितीय की काहीतरी जुळत नाही, कारण तिला त्या दिवशी तिथे आठवतो तो वेगळाच माणूस.

म्हणून मी म्हणतो की जेनोव्हाचं सेफिरॉथ होणं ही एक हूल आहे. आपण बाहेरच्या बहुरूप्याच्या मागे अख्खी पहिली डिस्क आणि पुढेही धावतो आणि खरा उलगडा होतो तो आपल्याच पार्टीच्या पहिल्या जागेवर उभ्या असलेल्या माणसाचा. मिडील गावात लाइफस्ट्रीमच्या आत टिफा त्याच्या आठवणी एकेक करून तपासते. मला एरिथच्या प्रसंगापेक्षाही तो भाग भारी वाटतो, जरी तिथे एकही लढाई नाही.

रिमेकबद्दलही विचारलं होतंत. मूळ खेळ झालाय तर बिनधास्त खेळा. २०२० च्या पहिल्या भागात सेफिरॉथ फार लवकर समोर येतो. क्लाउडच्या शेजारच्या खोलीतला काळ्या झग्यातला मार्को त्याला चक्क सेफिरॉथ दिसतो, म्हणजे रूपाचा खेळ पहिल्या काही तासांतच पत्ते उघडे टाकून सुरू होतो. ज्यांना मूळ गोष्ट ठाऊक आहे त्यांना यात वेगळी मजा आहे. मात्र मित्राला पहिल्यांदा कोणता खेळ द्यायचा असं विचाराल, तर ठोकळ्यांचे हात असलेला १९९७ चाच द्या, आणि जहाजावर ‘तू कोण?’ आलं की त्याला काही सांगू नका.