डाळमिलच्या साईटची टेहळणी, हात न लावता

भाऊ, जळगावच्या डाळमिलच्या साईटची सुरक्षा-तपासणी घेतली असशील तर आधी लेखी परवानगी आणि डोमेनची यादी हातात घे. मग सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या नोंदी (साईटना दिलेल्या सुरक्षा-सर्टिफिकेटांची जाहीर यादी) चाळ. 2018 पासून क्रोम नव्या सर्टिफिकेटसाठी ही नोंद मागतं, म्हणून मालकही विसरलेली ‘टेस्ट’, ‘जुनं ईआरपी’ अशी सबडोमेन तिथे सापडतात. वाइल्डकार्ड सर्टिफिकेट (सगळ्या सबडोमेनना मिळून एकच) असेल तर नावं दिसत नाहीत. तेव्हा पॅसिव्ह डीएनएसचा साठा, म्हणजे इतरांनी पूर्वी विचारलेल्या नाव-पत्त्यांच्या जमवलेल्या नोंदी, बघ. सापडलेलं नाव लगेच पिंग करू नको, नुसतं रिझॉल्व्ह केलंस (नावाचा आयपी पत्ता विचारलास) तरी चौकशी त्यांच्या नेमसर्व्हरपर्यंत, म्हणजे ते उत्तर देणाऱ्या सर्व्हरपर्यंत, जाऊ शकते. वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साईट) जुनी पानं जरूर वाच, पण ‘सेव्ह पेज नाऊ’ दाबू नको. ते थेट चालू साईटवर जातं. शोडानची (इंटरनेटवरची उघडी यंत्रं नोंदवणारं सर्च इंजिन) नोंद तारखेसकट लिही. आयपी शेअर्ड होस्टिंगचा (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईट) निघाला, तर दुसऱ्याचंच उघडं पोर्ट मिलच्या अहवालात येईल.