मोघम ठरवलेला अर्ज नेमका कसा करावा?

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीने 2015 पासून आजवर केलेल्या सर्व विकासकामांची संपूर्ण माहिती व सर्व कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात, असा अर्ज मी माहितीच्या अधिकाराखाली केला होता. सतराव्या दिवशी जन माहिती अधिकाऱ्यांचे पत्र आले : 'आपण मागितलेली माहिती विस्तृत व मोघम स्वरूपाची असून आपणांस नेमकी कोणती माहिती हवी आहे याचा बोध होत नाही, तरी खुलासा करावा.' ही टाळाटाळ समजून थेट अपील करावे, की खुलासा द्यावा? माहिती कशासाठी हवी हे सांगावे लागेल का? माझी मुख्य तक्रार शाळेकडे जाणाऱ्या रस्त्याची आहे. दोन वर्षांपूर्वी तो काँक्रीटचा झाला आणि पहिल्याच पावसाळ्यात खडी वर आली.
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटचे आहे आणि नेमके तेच आपल्या अर्जात नाही. आपल्याला एका रस्त्याचे कागद हवे होते. आपण मात्र दहा वर्षांचे दप्तर मागितले.

हे पत्र म्हणजे नकार नव्हे. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 मध्ये माहिती नाकारण्याची कारणे प्रामुख्याने कलम 8 व 9 मध्ये दिली आहेत आणि 'मोघम' हे कारण त्यांत नाही. उलट, अर्जदाराला वाजवी साहाय्य करणे हे कलम 5(3) नुसार जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्यच आहे, त्यामुळे त्यांनी खुलासा मागितला यात गैर काही नाही. दुसरी बाजूही आपण समजून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात विद्यार्थ्यांचा हक्क मान्य केला. मात्र सरकारी कचेऱ्यांतील 75 टक्के कर्मचाऱ्यांचा 75 टक्के वेळ माहिती गोळा करण्यातच जावा, अशी स्थिती येऊ नये, असेही त्याच निकालात बजावले. शिवाय आपल्या खिशाचा विचार करा. छायाप्रतीला पानामागे 2 रुपये पडतात. दहा वर्षांचे कागद पाच हजार पाने भरले, तर 10,000 रुपये भरून घरी एक गठ्ठा येईल आणि त्यात रस्त्याचे कागद शोधण्यात महिना जाईल.

तेव्हा आधी खुलासा द्यावा, पण नवा अर्ज करू नये. 'माझ्या अमुक दिनांकाच्या अर्जाच्या अनुषंगाने व आपल्या अमुक क्रमांकाच्या पत्रास अनुसरून' अशी सुरुवात करून मूळ अर्ज कायम असल्याचे लिहावे. कारण सांगण्याची सक्ती नाही. कलम 6(2) त्याबाबत स्पष्ट आहे. माहिती देण्याच्या तीस दिवसांच्या मुदतीतून वगळला जातो तो प्रतींचे शुल्क कळवल्यापासून ते भरेपर्यंतचा काळ. खुलाशासाठी मुदत थांबते अशी तरतूद अधिनियमात नाही. म्हणून दिवस मूळ अर्जापासूनच मोजावेत आणि खुलासा लगेच द्यावा.

आता खुलाशात काय लिहावे ते पाहू. सरकारी काम कागदावर ज्या क्रमाने चालते, त्या क्रमाने कागद नावानिशी मागावेत. आपल्या बाबतीत मजकूर असा होऊ शकतो : 'शाळेकडे जाणाऱ्या सिमेंट काँक्रीट रस्त्याच्या कामाचे पुढील अभिलेख साक्षांकित प्रतींसह मिळावेत – प्रशासकीय मान्यतेचा आदेश, तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, ठेकेदाराशी झालेला करारनामा, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, गुणवत्ता चाचणीचा अहवाल, अंतिम देयक आणि काम पूर्णत्वाचा दाखला.' त्यासोबत रस्ता कोठून कोठपर्यंत आहे आणि काम कोणत्या आर्थिक वर्षातले आहे, एवढे द्यावे. आर्थिक वर्ष नक्की माहीत नसेल, तर लगतची दोन वर्षे लिहावीत.

यातील मोजमाप पुस्तिकेकडे, म्हणजे ज्याला सगळे एमबी म्हणतात तिच्याकडे, मी आपले विशेष लक्ष वेधतो. देयक निघते ते तिच्यातील नोंदींवरून. तिच्या पानावर लांबी, रुंदी आणि जाडी ओळीओळीने लिहिलेली असते. ते पान हाती आले की टेप घेऊन रस्त्यावर जाता येते, आणि उखडलेल्या कडेला काँक्रीटचा थर किती जाडीचा आहे हे कोणालाही मोजता येते. ही पुस्तिका कित्येकदा ग्रामपंचायतीत नसते, अभियंत्यांच्या कार्यालयात असते; तसे असेल तर जन माहिती अधिकाऱ्याने कलम 6(3) नुसार अर्जाचा तो भाग पाच दिवसांत तिकडे पाठवायला हवा. 'आमच्याकडे नाही' एवढ्यावर विषय संपत नाही.

'रस्ता का उखडला?' असा प्रश्न मात्र विचारू नये. अधिनियमाखाली मिळते ते अभिलेखात असलेले. जे स्पष्टीकरण कोणी लिहूनच ठेवलेले नाही, ते तयार करून देण्याचे बंधन नाही. त्याऐवजी करारनाम्यातील दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातील दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते तो काळ, पाहावा. तो संपला नसेल, तर दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराकडे जातो.

उरलेल्या वर्षांचे काय, हा आपला प्रश्न असेलच. त्यासाठी माझा सल्ला अवलोकनाचा आहे, कारण कलम 2(ञ) मधील हक्कात अभिलेखांची पाहणी करणे व टिपणे घेणे येते. पहिल्या तासाला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार पाहणीच्या वेळी फक्त पेन्सिल जवळ ठेवता येते, तेव्हा ती व वही घेऊन जावे, कामांची नोंदवही व रोकडवही चाळावी आणि खटकलेल्या कामांचेच कागद मागावेत. प्रत्येक कामासाठी अर्ज मात्र वेगळा करावा; 2012 च्या दुरुस्तीनंतर राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे 150 शब्दांच्या आत असावा लागतो. आपल्या मूळ अर्जाची अडचण मुख्यतः इथेच झाली.

इतके नेमके लिहूनही पुन्हा 'मोघम' असेच उत्तर आले किंवा तीस दिवसांत काहीच आले नाही, तर पुढील तीस दिवसांत 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून प्रथम अपील करावे. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अपिलात अधिकाऱ्यावर असते, आणि तेव्हा आपला खुलासा हाच आपला सर्वांत भक्कम कागद ठरेल. म्हणून तो देताना दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही व शिक्क्यासह पोच जरूर घ्यावी.