जुन्या इंजिनाचे सांधे

प्रश्न : वडिलांची जुनी, ओतीव लोखंडी सिलिंडरची बुलेट मी खोलली आहे. तेल झिरपू नये म्हणून प्रत्येक गॅस्केटला (दोन भागांच्या सांध्यात बसणाऱ्या पातळ पट्टीला) दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावावे, असे मेस्त्री म्हणतात. ते योग्य आहे का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : कृपया तसे करू नका. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) दोन भागांमध्ये मुळातच गॅस्केट नसते, तेथे सीलंट हवेच. परंतु थर जाड झाला, की आत दाबला गेलेला सिलिकॉनचा दोरा सुटून तेलाच्या बारीक वाटेत अडकतो आणि बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचे क्रँकवर बसणारे मोठे टोक, कोरडे पडते. कार्बुरेटरजवळ तर सिलिकॉन नकोच, ते पेट्रोलने फुगते.

गळतीचे मूळ बहुधा पृष्ठभागात असते. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उघडलेल्या झाकणाच्या कडेवरून नख फिरवून पाहा, उठलेला ओरखडा लगेच लागतो. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून झाकण हलकेच घासा. जेथे चमक येत नाही, तेथे खोलगटपणा आहे. तो फार असल्यास बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या चांगल्या वर्कशॉपला दाखवावे. नंतर कागदी गॅस्केटला ग्रीसचे एक बोट पुरते. सिलिंडर आणि त्यावरचे हेड यांच्यामधले तांब्याचे हेड गॅस्केट लालसर तापवून पाण्यात विझवले, की पुन्हा मऊ होते.

ब्रीदर, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी वाट, मात्र आधी साफ करा. तो तुंबलेला असल्यास आतला दाब कोणताही सांधा टिकू देत नाही.