बारावीचे वर्ष, मानाची पत्रे आणि नऊ हजार डॉलरचा बोनस

एडिसन, न्यू जर्सी येथील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची कन्या जून २०२६ मध्ये हायस्कूल पूर्ण करणार आहे. पती-पत्नी दोघे नोकरी करतात, दोघे ग्रीन कार्डधारक आहेत आणि एकत्रित उत्पन्न वर्षाला सुमारे १,५०,००० डॉलर आहे. मुलीच्या नावे ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यात, ४६,००० डॉलर साठले असून त्यांतले २८,००० स्वतः भरलेले आणि उरलेले १८,००० वाढीचे आहेत. क्रेडिट कार्डावर २३ टक्के व्याजदराने २,४०० डॉलर थकले आहेत. यंदा कर वजा जाऊन ९,००० डॉलर बोनस हाती आला आहे आणि दरमहा सुमारे ५०० डॉलर शिल्लक पडतात.

त्यांनी खर्चाची यादी जोडली आहे. सीनिअर पोर्ट्रेटचे पॅकेज ४५०, इयरबुक ११०, टोपी-झगा व शाळेचे शुल्क ९०, क्लास रिंग ६४०, प्रॉमसाठी (शाळेच्या निरोपाच्या नृत्य-समारंभासाठी) ६००, गुणवंत विद्यार्थ्यांच्या एका ‘राष्ट्रीय नेतृत्व परिषदे’ची नोंदणी व प्रवास ३,३५०, हॉलमध्ये १२० जणांची पार्टी ५,४००, आणि सांगलीहून सासूबाईंना समारंभाला आणण्याचे तिकीट व विमा २,१००. बेरीज १२,७४० होते. त्या विचारतात, “बोनस पुरत नाही. वरचे ३,७४० डॉलर ५२९ मधून काढावेत, की कार्डावर टाकून हळूहळू फेडावेत? मी स्वतः बारावीला गुणवत्ता यादीत आले होते, पण त्या वर्षी घरात आजारपण होते आणि पेढेसुद्धा वाटले गेले नाहीत. मुलीच्या बाबतीत तसे होऊ नये असे वाटते.”

भगिनी, आपले शेवटचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. मुलीचे कौतुक झाले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात काहीही किंतु नाही, आणि पुढे जे लिहितो आहे ते कौतुकाला कात्री लावण्यासाठी नव्हे. मात्र आपल्या यादीत दोन वेगळ्या जातींचे खर्च एकत्र झाले आहेत. काही खर्च मुलीने मिळवलेला मान साजरा करण्याचे आहेत आणि एक मोठा खर्च मान विकत घेण्याचा आहे. हा दुसरा खर्च पूर्णपणे काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सरळ आहे. ५२९ मधून हे पैसे काढू नयेत. या खात्यातून पार्टी, अंगठी किंवा विमानाचे तिकीट यांसाठी रक्कम काढली, तर त्या रकमेतल्या वाढीच्या हिश्श्यावर प्राप्तिकर लागतो आणि वर १० टक्के दंडही लागतो. आपल्या खात्यात वाढीचा वाटा सुमारे ३९ टक्के आहे, म्हणजे ३,७४० डॉलरमधले जवळजवळ १,४६० डॉलर करपात्र ठरतील. आपल्या उत्पन्नाला लागू होणारा २२ टक्के केंद्रीय कर आणि दंड मिळून सुमारे ४७० डॉलर जातील, राज्याचा कर वेगळा. कार्डाचा मार्गही बंद समजावा. आजच्या थकबाकीवरच महिन्याला सुमारे ४६ डॉलर व्याज जात आहे. बोनसमधली पहिली रक्कम त्या २,४०० डॉलरवर जावी, कारण २३ टक्के खात्रीने वाचवून देणारी दुसरी कोणतीही जागा आपल्याजवळ नाही.

आता त्या परिषदेविषयी. आपण पत्राची प्रत जोडली हे चांगले केले. त्यात सोनेरी मोहोर आहे, ‘आपल्या पाल्याची निवड झाली आहे’ असे वाक्य आहे आणि दहा दिवसांत पैसे भरण्याची मुदत आहे. कोणी निवडले, कोणत्या निकषांवर निवडले आणि किती जणांना निवडले, याचा मात्र त्यात कोठेही उल्लेख नाही. आपल्या मुलीकडे खरे मान आधीच आहेत आणि ते कसे मिळाले ते पाहिले की फरक लगेच कळतो. नॅशनल ऑनर सोसायटी ही शाळांतल्या गुणवंत विद्यार्थ्यांची संस्था १९२१ पासून चालत आली आहे. तिथे शाळेतल्या शिक्षकांची समिती अभ्यास, सेवा, नेतृत्व आणि चारित्र्य या चार कसोट्यांवर विद्यार्थी निवडते आणि शाखेची वर्गणी वर्षाला २० डॉलरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. नॅशनल मेरिट या देशव्यापी शिष्यवृत्ती स्पर्धेच्या ‘कमेंडेड’ (प्रशंसापात्र) यादीत तिचे नाव आले ते अकरावीत दिलेल्या पीएसएटी परीक्षेच्या गुणांवर आले. देशभरातून सुमारे ५०,००० विद्यार्थ्यांची या स्पर्धेत दखल घेतली जाते, त्यातले सुमारे १६,००० सेमीफायनलिस्ट होतात आणि उरलेले ‘कमेंडेड’ ठरतात. सेमीफायनलसाठी न्यू जर्सीची गुणमर्यादा देशातल्या सर्वांत कठीण मर्यादांपैकी आहे, म्हणून ती तिथवर पोहोचली नाही याची खंत आपण करू नये. या दोन्ही मानांसाठी कोणी आपल्याकडे तीन हजार डॉलर मागितले नाहीत.

शिवाय परिषद एप्रिलमध्ये आहे आणि विद्यापीठांचे बहुतेक अर्ज जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच पूर्ण होतात, त्यामुळे अर्जात ‘दाखवण्यासाठी’ सुद्धा तिचा उपयोग नाही. शंका उरली असेल तर शाळेच्या समुपदेशकांना ते पत्र दाखवावे आणि एवढेच विचारावे, की या संस्थेला आमच्या मुलीचे नाव शाळेने कळवले का. पुढच्या काही महिन्यांत शिष्यवृत्तीची हमी देणारी पत्रेही येतील. आधी शुल्क मागून शिष्यवृत्तीची खात्री देणाऱ्यांपासून सावध राहावे, असे केंद्रीय व्यापार आयोग पालकांना वारंवार बजावत आला आहे.

ज्या मानांचे खरोखर पैशात रूपांतर होते, त्यांकडे आपल्या यादीने पाहिलेलेच नाही, आणि मला सर्वांत जास्त त्याविषयी लिहायचे आहे. आपण तिच्या तीन एपी परीक्षांचे, म्हणजे हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांचे, शुल्क धरलेले नाही. एका परीक्षेला शंभर डॉलरच्या आसपास पडतात, नोंदणी याच शरद ऋतूत शाळेमार्फत होते आणि उशीर झाल्यास वर दंड बसतो. मे महिन्यात तिने ४ किंवा ५ गुण मिळवले, तर न्यू जर्सीतल्या रटगर्ससारखे विद्यापीठ अनेक विषयांत क्रेडिट देते, म्हणजे तेवढ्या विषयाची फी आणि वेळ दोन्ही वाचू शकतात. तीनशे डॉलरचा याहून चांगला उपयोग मला आपल्या यादीत दिसत नाही.

दुसरी गोष्ट वर्गातल्या क्रमांकाची. न्यू जर्सीत अकरावीच्या किंवा बारावीच्या अखेरीस वर्गाच्या पहिल्या १५ टक्क्यांत असलेल्या विद्यार्थ्याला एनजे स्टार्स योजनेखाली आपल्या कौंटीच्या कम्युनिटी कॉलेजात ट्यूशन माफ होऊ शकते, आणि पुढे राज्यातल्या चार वर्षांच्या कॉलेजात गेल्यास ठरावीक अटींवर मदत मिळते. आपल्यासाठी ते कॉलेज एडिसनमधलेच मिडलसेक्स कॉलेज. आपल्या मराठी मंडळींत कम्युनिटी कॉलेजचे नाव काढले की चेहरे पडतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे आणि मला त्याचे वाईट वाटते. मुलीने तिथेच जावे असा माझा आग्रह नाही. तिच्या क्रमांकाने हा पर्याय कमावला आहे, तेव्हा तो समजून घेऊन मगच नाकारावा. शाळा क्रमांक जाहीर करत नसेल, तरी समुपदेशकांना विचारता येते.

तिसरी गोष्ट फाफ्साची, म्हणजे कॉलेजच्या खर्चासाठी केंद्र सरकारकडे करायच्या आर्थिक मदतीच्या अर्जाची. हा अर्ज दरवर्षी १ ऑक्टोबरच्या सुमारास खुला होतो. आपल्या उत्पन्नाला गरजेवर आधारित मदत फारशी मिळणार नाही हे खरे, पण विद्यार्थ्याचे केंद्रीय कर्ज आणि राज्याच्या व कॉलेजांच्या कित्येक योजना या अर्जावर अवलंबून असतात, म्हणून तो भरावाच. (ज्यांची मुले अजून एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदारांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) आहेत, त्यांना केंद्राची मदत मिळत नाही. त्या कुटुंबांचे नियोजन वेगळे करावे लागते.) बऱ्याच विद्यापीठांत गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठी १ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे अर्ली ॲक्शन या लवकरच्या फेरीत, अर्ज जावा लागतो. येत्या दोन आठवड्यांतल्या संध्याकाळी अंगठीचे कॅटलॉग चाळण्यापेक्षा या अर्जांवर जाव्यात.

आणि आता ऑगस्ट. आपल्या यादीत ऑगस्टच नाही. जूनमध्ये टोप्या हवेत उडतात आणि त्यानंतर सहा-सात आठवड्यांत कॉलेजचे पहिले बिल दारात येते. या बिलातले ट्यूशन, आवश्यक शुल्क आणि पुस्तके मिळून ४,००० डॉलर आपण ५२९ मधून न देता खिशातून दिले, तर अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी टॅक्स क्रेडिटमध्ये पहिल्या २,००० डॉलरचे पूर्ण आणि पुढच्या २,००० डॉलरचे २५ टक्के, असे एकूण २,५०० डॉलर आपल्या करातून वजा होतात. ही सवलत चार वर्षे घेता येते. संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या दांपत्याला १,६०,००० डॉलर सुधारित उत्पन्नापर्यंत ती पूर्ण मिळते आणि १,८०,००० ला संपते, म्हणजे आपण आज मर्यादेच्या आत आहात. एकाच खर्चावर ५२९ ची करमाफी आणि हे क्रेडिट अशी दोन्ही सवलत घेता येत नाही, आणि वसतिगृह व जेवण या क्रेडिटमध्ये धरले जात नाही. म्हणून वसतिगृहाचे पैसे ५२९ मधून द्यावेत आणि ट्यूशनमधले चार हजार रोख द्यावेत. दरमहा शिल्लक पडणाऱ्या ५०० पैकी ४०० डॉलर आजपासून दहा महिने वेगळ्या बचत खात्यात टाकले, की ऑगस्टमध्ये ते चार हजार बोनसला हात न लावता उभे राहतात.

मग बोनस असा लावता येईल. कार्ड २,४००. सासूबाईंचे तिकीट व विमा २,१००, यात मी एक डॉलरही कमी करणार नाही. नातीने झगा घालून मंचावर जाणे आजीने डोळ्यांनी पाहावे, ही संधी पुन्हा येत नाही. विम्यातही काटकसर नको, कारण पाहुण्या म्हणून आलेल्या ज्येष्ठांना मेडिकेअर (इथला ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) लागू होत नाही आणि इमर्जन्सी रूमची एक फेरीसुद्धा या संपूर्ण यादीहून महाग पडू शकते. शाळेचे इयरबुक, टोपी-झगा, थोडा हात आखडून केलेला प्रॉमचा खर्च आणि फोटोचे छोटे पॅकेज मिळून ७५० धरावेत. इयरबुकमधल्या फोटोसाठी मोठे पॅकेज घ्यावे लागते का, हे छायाचित्रकाराला आधी विचारावे, बहुधा लागत नाही. एपी परीक्षा ३००, आणि कॉलेजांचे अर्ज-शुल्क व १ मेपर्यंत भरायची प्रवेशाची अनामत यांसाठी ९००. पार्टीसाठी १,८००. एकूण ८,२५० होतात आणि ७५० शिल्लक राहतात.

पार्टीची रक्कम पाहून आपण थोड्या नाराज व्हाल. पण १२० पानांच्या हॉलऐवजी कौंटी पार्कमधला पॅव्हिलियन किंवा घरामागचे अंगण आणि साठ माणसे, असा बेत या रकमेत नीट बसतो. आपल्याला पेढे वाटायचे राहून गेले होते, तर ते तिथे आजीच्या हातून वाटले जावेत. पाहुण्यांकडून येणारी १०१ आणि २५१ डॉलरची पाकिटे मात्र खर्चाची भरपाई म्हणून धरू नयेत, ते पैसे मुलीचे आहेत. उन्हाळ्यात ती शिकवणी घेते आणि ते उत्पन्न विवरणपत्रात दाखवता येईल असे असेल, तर तिच्या कमाईच्या मर्यादेत त्यांतले काही तिच्या नावाने रॉथ आयआरए या निवृत्ती-बचत खात्यात टाकावेत. विद्यार्थ्याच्या बचत खात्यातली रक्कम फाफ्साच्या हिशेबात २० टक्के धरली जाते, निवृत्तीच्या खात्यातली धरली जात नाही.

अंगठीचा निर्णय मी मुलीवर सोपवतो. उरलेल्या ७५० मध्ये ती बसते. तिला एवढेच सांगावे, की बऱ्याच क्लास रिंग १० कॅरटच्या असतात, म्हणजे त्यात सोने ४१.७ टक्के, आपल्या २२ कॅरटच्या दागिन्यात ९१.६ टक्के. सोने म्हणून ती घेण्यात अर्थ नाही, आठवण म्हणून तिला खरोखर हवी असेल तर अवश्य घ्यावी. तिला वसतिगृहासाठी चांगला लॅपटॉप हवा असेल, तर तोही पर्याय तिच्यासमोर ठेवावा आणि निवड तिला करू द्यावी.

शेवटी तिकिटाविषयी एक सूचना. आरक्षण करण्याआधी शाळेकडे दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, समारंभाच्या प्रवेशपत्रिका प्रत्येक कुटुंबाला किती मिळणार, आणि पावसामुळे समारंभ मैदानाऐवजी आत हलवावा लागला तर किती. दुसरी, तारीख पक्की कधी होणार. न्यू जर्सीत शाळांना १८० दिवस भरावे लागतात. हिवाळ्यात बर्फामुळे बुडालेले दिवस जूनमध्ये भरून काढावे लागले, तर शेवटचा दिवस आणि त्याबरोबर समारंभही पुढे सरकू शकतो. म्हणून सासूबाईंचे येणे जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि परतीचे तिकीट जुलैच्या मध्यानंतरचे घ्यावे, आणि तारीख बदलण्याची मुभा असलेल्या भाड्यासाठी थोडे जास्त पडले, तर ते त्या ७५० मधून द्यावेत.