लिफ्ट आहे, पण थांबते कुठे?

प्रश्न : मी ४१ वर्षांची आहे. सात वर्षांपासून आमवात आहे. बोटं, मनगटं आणि गुडघे जास्त दुखतात. डोंबिवली पूर्वेला स्टेशनजवळ आम्ही भाड्याने तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. करार संपत आलाय, घर बदलायचंच आहे. मिस्टरांना रोज लोकल पकडायची असते म्हणून त्यांना स्टेशन जवळ हवं. सासूबाई म्हणतात तळमजला घ्या. एजंट कल्याण-शीळ रस्त्याकडचे टॉवर दाखवतोय. मी घरूनच अकाउंट्सचं काम करते. घर बघताना नेमकं काय बघू? काही दिवस मी चांगली हिंडते-फिरते, मग घरमालकाला आजाराबद्दल सांगावं का? अपंगत्वाच्या दाखल्याचा काही उपयोग होईल?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, पहिली गोष्ट, घर बघायला सकाळी जा. एजंट हमखास संध्याकाळची वेळ देतो. तोवर आपली बोटं सुटलेली असतात, गोळी लागू पडलेली असते, आणि मग कुठलंही घर ‘चालेल’ असं वाटतं. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपणात रोजची कामं सोपी कशी करायची ते शिकवते, आणि हाच आजार मलाही आहे, म्हणून ठासून सांगते. घर आपल्याला वाईट दिवसासाठी घ्यायचंय. चांगल्या दिवशी काय, आपण गडही चढू.

आता लिफ्ट. ‘लिफ्ट आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. जुन्या इमारतीला मागाहून बाहेरून लिफ्ट बसवलेली असली, की ती पुष्कळदा दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर उघडते. म्हणजे घरात शिरायला अर्धा जिना चढायचा किंवा उतरायचा, रोज, भाजीच्या पिशवीसकट. दुसरं, गेटपासून लिफ्टपर्यंत चालत जा. मध्ये तीन-चार पायऱ्या निघतातच. त्यांच्या बाजूला स्कूटर चढवायची घसरगुंडी असते, तिला रॅम्प म्हणतात. खरा रॅम्प एकास बारा उताराचा असतो. दीड फूट चढायचं तर अठरा फूट लांबी लागते. तेवढी जागा कुणी सोडत नाही. निदान कठडा आहे का, ते बघा. जाळीचं दार ओढायची लिफ्ट असेल तर ते दार स्वतः ओढून बघा, मिस्टरांना ओढू देऊ नका. आणि वीज गेल्यावर लिफ्ट जनरेटरवर चालते का, हे वॉचमनला विचारा. एजंटपेक्षा तो खरं सांगतो.

सासूबाईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, पण तळमजलासुद्धा जोत्यावर असतो, त्याच्या पायऱ्या मोजा. पावसाळ्यात भिंतींना ओल येते का, गटार तुंबतं का, हे शेजारच्या बिऱ्हाडाला विचारा. कोरडा, उजेडाचा तळमजला मिळाला तर मी टॉवरआधी तोच घेईन. स्टेशनजवळ लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीच जास्त, तेव्हा थोडं लांब जावं लागलं तर जा. मिस्टरांना शेअर रिक्षा आहे. तुम्ही मात्र दिवसभर त्याच घरात असणार. फक्त फार आडबाजूला नको, कारण खड्ड्यांतून रिक्षाने डॉक्टरांकडे जाऊन येण्यातच आपला तो दिवस संपतो.

घरात शिरल्यावर हॉल बघू नका, थेट बाथरूममध्ये जा. आत उतरायला पायरी आहे का? फरशी ओली करून पाय ठेवून बघा. कमोडवर बसा आणि हातांचा आधार न घेता उठा. लाज वाटली तर एजंटला बाहेर पाठवा. साधारण ४५ ते ४८ सेंटिमीटर उंची आपल्या गुडघ्यांना बरी पडते. कमोड बुटका असेल तर वर बसवायची उंच सीट सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते, तेवढ्यासाठी घर सोडू नका. भारतीय पद्धतीचाच संडास असेल तर मात्र सोडा. शॉवर चालू आहे ना? भरलेली बादली उचलणं हे आपल्या मनगटाचं काम नाही.

पाणी किती वाजता येतं, हे कुणी विचारत नाही. पहाटे तासभरच येत असेल आणि भरून ठेवावं लागत असेल, तर नेमक्या त्याच वेळी आपले हात आखडलेले असतात. टाकीचं चोवीस तास पाणी असलेल्या घराला दोन हजार भाडं जास्त पडलं तरी मी देईन. गोल चावीचे नळ लिव्हरचे करून घेता येतात, दारांच्या मुठींचंही तेच. ओटा फार उंच असेल तर उंच स्टुलावर बसून चिरायचं.

दाखल्याचं सांगते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आमवाताचं नाव नाही. सांध्यांत कायमचा दोष राहून हालचाल कमी झाली असेल तर अस्थिव्यंग म्हणून तपासणी होते आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. तपासून जरूर घ्या, पण त्याच्या जोरावर भाड्याचं घर सोयीचं होईल ही आशा नको. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना इमारतींत सहज वावरता यावं यासाठीचे, किमान नियम सक्तीचे करा असं केंद्राला सांगितलं, पण ते आपल्या सोसायटीच्या जिन्यापर्यंत कधी पोचतील कोण जाणे.

घरमालकाला आजाराचं नाव सांगू नका. ऐकून एकतर घाबरतात, नाहीतर काढा सुचवतात. ‘गुडघ्यांचा त्रास आहे, बाथरूममध्ये आधाराला धरायच्या दोन दांड्या बसवू, जाताना भिंत नीट करून देऊ’ एवढंच बोला आणि ते करारात लिहून घ्या. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा त्यात एक ओळ वाढवायला काही अडचण नाही. दांड्या पक्क्या विटेच्या भिंतीत, स्क्रूने. सक्शनने चिकटणारे हँडल ऑनलाइन स्वस्त मिळतात. हवं तर टॉवेल वाळत घालायला घ्या, अंगाचा भार त्यांच्यावर टाकू नका.